आधी गेम ठरवा, मग भोकं पाडा

घरी लाकडाचं आर्केड कॅबिनेट बनवायचं, आत साधा कॉम्प्युटर नाहीतर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बोर्ड टाकायचा आणि जुने गेम उभं राहून खेळायचे, हा नाद बऱ्याच वाचकांना लागलाय असं या वेळच्या पत्रांवरून दिसतंय. प्रश्न भरपूर आलेत आणि जवळजवळ सगळे जॉयस्टिक, बटणं, वायरिंग आणि स्क्रीन याच्याभोवती फिरतात, म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: नमस्कार. मी आणि माझा भाऊ मिळून दोन जणांचं आर्केड बनवतोय. पॅनलचं ड्रॉइंग सोबत पाठवलंय. दोन जॉयस्टिक, प्रत्येकाला आठ बटणं, मध्ये ट्रॅकबॉल (हाताने फिरवायचा गोळा), त्याच्या वर स्पिनर (फिरवायची गोल मूठ), एक चार दिशांची वेगळी जॉयस्टिक आणि कडेला पिनबॉलची बटणं असं सगळं घेतलंय. भाऊ म्हणतो पॅनल फार मोठं होतंय, मी म्हणतो एकदाच बनवायचंय तर सगळं टाकून मोकळं व्हावं. कोण बरोबर?

उत्तर: ड्रॉइंग नीट पाहिलं, मापंसुद्धा व्यवस्थित टाकलीत, पण या वादात मी तुमच्या भावाच्या बाजूने आहे. पॅनलवर जितक्या जास्त वस्तू तितकी प्रत्येकीला जागा कमी, आणि खेळताना मनगट टेकवायला जी मोकळी जागा लागते ना, ती सगळ्यात आधी जाते. तुमच्या ड्रॉइंगमध्ये ट्रॅकबॉल बरोबर मधोमध आहे, म्हणजे जोरात फिरवला की एका बाजूला पहिल्या खेळाडूची बटणं आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याची जॉयस्टिक, दोन्हीवर हात आपटणार.

आधी गेम ठरवा. खरंच सांगतो, बाकी सगळे निर्णय यातूनच निघतात. तुम्ही दोघं परत परत खेळाल असे दहाबारा गेम कागदावर लिहा, एम्युलेटरमध्ये (जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) हजारो गेम चालतात ते सोडा, आणि प्रत्येकासमोर मूळ मशीनवर काय कंट्रोल होते ते लिहा. त्या काळात प्रत्येक गेमचं पॅनल त्या गेमसाठीच बनायचं. १९७९ च्या अ‍ॅस्टेरॉइड्सला जॉयस्टिकच नव्हती, पाच बटणं होती, दोन वळायला, एक पुढे जायला, एक गोळी आणि एक हायपरस्पेस. डिफेंडरला फक्त वरखाली जाणारी जॉयस्टिक आणि वर बटणांची गर्दी. १९८० च्या मिसाईल कमांडला ट्रॅकबॉल आणि तीन बटणं. १९८१ च्या टेम्पेस्टला गोल फिरणारा स्पिनर. १९८२ च्या रोबोट्रॉनला दोन जॉयस्टिक, एक चालायला आणि एक गोळ्या मारायला, गोळीसाठी बटण नाहीच. आणि १९९१ ला स्ट्रीट फायटर टू आला तेव्हा आठ दिशांची जॉयस्टिक आणि सहा बटणं, वरच्या ओळीत तीन ठोसे, खालच्या ओळीत तीन लाथा, हलक्यापासून जोरदारपर्यंत.

यादी झाली की लगेच दिसतं काय लागतंय आणि काय नाही. फायटिंग गेम यादीत असतील तर प्रत्येकाला सहा बटणं हवीतच. सातवं-आठवं बटण आर्केड गेमसाठी जवळपास लागत नाही, ते घरच्या कन्सोलचे गेम चालवायचे असतील तरच उपयोगाचं, कारण त्या गेमपॅडला वर खांद्याची बटणं असतात. मॉर्टल कॉम्बॅटचं मूळ पॅनल वेगळं आहे, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये ब्लॉक, पण सहा बटणांत ते भागवता येतं, थोडी सवय करावी लागते इतकंच. ट्रॅकबॉल यादीतल्या तीनचार गेमला लागत असेल तर जरूर ठेवा, पण जॉयस्टिकच्या रांगेत नको, थोडा पुढे खेळाडूच्या बाजूला घ्या आणि त्याच्या मागे हात मोकळा जाईल एवढी जागा सोडा. स्पिनर जागा कमी खातो, अर्कानॉइड आवडत असेल तर तो ठेवा, त्या गेमची मजा जॉयस्टिकवर येतच नाही. पिनबॉलची बटणं कॅबिनेटच्या कडेला जातात, पॅनलवर भार नाही, ती राहू द्या.

आणि लाकडाला हात लावायच्या आधी पुठ्ठ्याचं पॅनल बनवा. जाड खोक्याचा पुठ्ठा, खऱ्या मापाचा, त्यात बटणं आणि जॉयस्टिक बसवून टेबलावर ठेवा आणि दोघं शेजारी उभे राहा. खांदे एकमेकांना लागतात का, बटणांवर बोटं न बघता जातात का, डावी कोपर हवेत लटकते का, हे कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये कधीच कळत नाही. बटणांची ओळ सरळ न ठेवता थोडी कमानीसारखी ठेवा कारण आपली बोटं सारख्या लांबीची नसतात. ३० मिलिमीटरच्या बटणांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ३५-३६ मिलिमीटर ठेवलं की बरं पडतं, दोन जॉयस्टिकमध्ये ६० सेंटीमीटरच्या आसपास असलं की दोन मोठी माणसं आरामात मावतात. कॉइन आणि स्टार्टची बटणं विसरू नका, गेममधून बाहेर पडायचं बटण मात्र कॅबिनेटच्या कडेला किंवा वर लांब टाका, नाहीतर ऐन रंगात आलेला गेम एखाद्या चुकार बोटाने बंद होतो आणि मग भांडण ठरलेलं.

प्रश्न: नवीन, चांगल्या ब्रँडची आठ दिशांची जॉयस्टिक बसवली. फायटिंग गेम मस्त चालतात. पण पॅक-मॅन खेळताना वळणावर माणूस वळतच नाही, पुढे निघून जातो, आणि डाँकी काँगमध्ये शिडी चढता चढत नाही. स्विच खराब असेल का? बदलून मागू का?

उत्तर: बदलून मागू नका, जॉयस्टिक बरोबर काम करतेय, गेम आणि तिची जात जुळत नाहीये.

जॉयस्टिक उलटी करून खालून बघा. दांड्याच्या टोकाभोवती चार छोटे मायक्रोस्विच असतात, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. दांडा ढकलला की समोरचा स्विच टिक करून दाबला जातो. तिरकं ढकललं की शेजारशेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात, आठ दिशा अशा तयार होतात, तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. स्विचच्या खाली एक प्लास्टिकची चौकट असते तिला गेट म्हणतात, दांडा कुठपर्यंत जाईल ते ही चौकट ठरवते. चौकोनी गेटमध्ये चारही कोपरे तिरक्या दिशांचे, म्हणून दांडा कडेने फिरवला की तो आपोआप कोपऱ्यात जाऊन बसतो.

आता पॅक-मॅन बघा. १९८० चा गेम, चारच दिशा, तिरकं काही नाही. तुम्ही उजवीकडे पळताय, वर वळायचंय, हात घाईत उजवीकडून वर जातो तो कोपऱ्यातून जातो, त्या क्षणी उजवा आणि वरचा असे दोन्ही स्विच दाबलेले. गेमला या दोन्हीतलं एकच काहीतरी धरावं लागतं, आणि त्याने उजवं धरलं तर वळण गेलं. डाँकी काँगमध्ये तेच, शिडीवर वर ढकलताना हात जरा तिरका झाला की मारियो बाजूला चालायला लागतो. चार दिशांच्या जॉयस्टिकमध्ये गेट हिऱ्यासारखा उभा असतो, त्याचे कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरकी जागाच उरत नाही, त्यामुळे एका वेळी एकच स्विच. हातात घेतल्यावर फरक पहिल्या वळणाला कळतो. एम्युलेटर आपल्या बाजूने निवड करायचा प्रयत्न करतो पण दांड्याची वाट चुकीची असेल तर बोटांना खात्री वाटत नाही ती नाहीच.

तुमच्याकडे तीन मार्ग आहेत. एक, गेट फिरवायचा. सॅनवा या जपानी कंपनीच्या जेएलएफ जॉयस्टिकचा मूळ चौकोनी गेट काढून ४५ अंशात फिरवून बसवला की ती चार दिशांची होते. काम सोपं आहे पण प्रत्येक वेळी पॅनल उघडावं लागतं, म्हणून एकाच जातीचे गेम जास्त खेळत असाल तरच. दोन, वरूनच चार-आठ बदलता येते अशी जॉयस्टिक मिळते, अल्टीमार्कची मॅग-स्टिक प्लस तशी आहे, दांडा वर ओढून फिरवला की झालं. तीन, पॅनलच्या वरच्या भागात मध्ये एक छोटी चार दिशांची वेगळी जॉयस्टिक आणि एक बटण. पहिल्या पत्रातल्या वाचकांना मी पॅनल रिकामं करायला सांगितलं तरी त्यांची ही चार दिशांची जॉयस्टिक मी काढायला सांगितली नाही त्याचं कारण हेच. ऐंशीच्या सुरुवातीचे गेम ज्यांना मनापासून आवडतात त्यांच्यासाठी ती चैन नाही, गरज आहे. अष्टकोनी गेटबद्दल पण बरेच जण विचारतात, तो फायटिंग गेममध्ये काहींना आवडतो कारण आठही दिशांना खाच हाताला लागते, पण पॅक-मॅनचा प्रश्न त्याने सुटत नाही.

प्रश्न: दादा, मी नववीत आहे. माझ्याकडे जुना कीबोर्ड आहे, तो उघडून त्याच्या सर्किटला बटणांच्या वायरी सोल्डर केल्या तर चालेल का? की एन्कोडर घ्यावाच लागेल? आणि बटणाला तीन पाय का आहेत?

उत्तर: शिकायला म्हणून कीबोर्ड जरूर उघड, आत कसं चालतं ते कळेल. यूएसबीची वायर काढून मगच उघड, आणि सोल्डरिंग करताना घरातलं मोठं कोणीतरी सोबत असू दे. पण मशीनमध्ये कायमचं तेच बसवू नकोस.

कारण सांगतो. साध्या कीबोर्डमध्ये प्रत्येक कीला स्वतःची वायर नसते, आडव्या आणि उभ्या रेषांची जाळी असते आणि की दाबली की एक आडवी आणि एक उभी रेष जोडली जाते. एकदोन की दाबल्या तर ठीक, पण जाळीत चौकोनाचे तीन कोपरे होतील अशा तीन की एकदम दाबल्या की चौथा कोपरा पण दाबल्यासारखा दिसतो, नाहीतर कीबोर्ड तिसरी की मोजतच नाही. टाइप करताना हे कधी जाणवत नाही. पण दोघं जण खेळताना दोन जॉयस्टिक तिरक्या म्हणजे चार की, वर प्रत्येकाची दोन बटणं म्हणजे आठ, अशा वेळी तुझा ठोसा लागला पाहिजे तेव्हा लागतच नाही. एन्कोडर म्हणजे बटण दाबलेलं कॉम्प्युटरला कळवणारा बोर्ड, त्यात प्रत्येक बटणाला स्वतःची जागा असते म्हणून हा गोंधळ नाही. आयपॅक टू नावाच्या बोर्डाला ३२ इनपुट आहेत, दोघांचं सगळं मावतं. तुला स्वतः करायची आवड दिसतेय तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड बघ, त्यावर जीपी२०४०-सीई हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकलं की तो उत्तम गेमपॅड एन्कोडर होतो. एका खेळाडूला एक पिको.

आता तीन पाय. मायक्रोस्विचवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, नीट उजेडात बघ. कॉमन, नॉर्मली ओपन आणि नॉर्मली क्लोज्ड. आपल्याला कॉमन आणि नॉर्मली ओपन हे दोनच लागतात, बटण दाबल्यावरच ते जोडले जातात. चुकून क्लोज्डला लावलंस तर उलटं होतं, हात न लावता बटण दाबलेलं दिसतं आणि दाबलं की सुटतं. सगळ्या बटणांचे कॉमन पाय एकाच वायरने एकापुढे एक जोडत जायचे आणि ती एक वायर बोर्डाच्या ग्राउंडला. नॉर्मली ओपनवरून मात्र प्रत्येक बटणाची वेगळी वायर बोर्डाच्या वेगळ्या पिनला. ही ग्राउंडची माळ कुठे ढिली झाली तर तिथून पुढची सगळी बटणं एकदम बंद पडतात, त्यामुळे अर्धं पॅनल मेलं की आधी माळ तपासायची, बोर्डाला दोष द्यायचा नाही. माळेचं शेवटचं टोक पण परत ग्राउंडला आणून जोडलंस तर एका ठिकाणी सुटलं तरी काम चालू राहतं.

बटणांना सोल्डर करू नकोस, वायरीच्या टोकाला चिमटून बसवलेले (क्रिंप केलेले) धातूचे लग वापर, उद्या स्विच बदलायचा झाला तर ओढून काढता येतो. लगचं माप बघून घे, जपानी पद्धतीच्या बटणांना २.८ मिलिमीटरचे लागतात आणि अमेरिकन पद्धतीच्या मायक्रोस्विचला ४.८ चे. मोठा लग चिमटून बारीक पायावर बसवता येईल असं वाटतं पण खेळताना पॅनल हादरतं आणि तो निसटतो. प्रत्येक वायरवर चिठ्ठी चिकटव, पहिला खेळाडू वर, पहिला खेळाडू बटण एक, असं.

प्रश्न: जपानी बटणं घ्यावीत की अमेरिकन? माझं पॅनल १८ मिलिमीटर जाड एमडीएफचं आहे.

उत्तर: पॅनलच्या जाडीनेच निम्मं उत्तर दिलंय. सॅनवाची क्लिप असलेली बटणं पातळ पत्र्याच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पॅनलसाठी असतात, बाजूच्या क्लिपा पत्र्याच्या खाली अडकतात, १८ मिलिमीटर लाकडात त्या अडकणारच नाहीत. अमेरिकन पद्धतीच्या बटणांना लांब आटे आणि खालून नट असतो, ती जाड लाकडात सरळ बसतात. जपानीच हवी असतील तर खालच्या बाजूने राउटरने लाकूड खोदून पातळ करावं लागेल, किंवा लाकडात मोठी खिडकी कापून वर पत्र्याची प्लेट टाकावी लागेल. जॉयस्टिकचं पण तसंच, जेएलएफचा दांडा आखूड असतो, १८ मिलिमीटरच्या खालून सरळ स्क्रू केली तर वर मूठभर पण येत नाही.

हाताला फरक असा की जपानी बटण हलकं, बोट ठेवलं तरी लागतं, आणि वरून सपाट. अमेरिकन बटण जड, खोल जातं, वरून खोलगट आणि टिक आवाज मोठा. जपानी जॉयस्टिकचा गोळा बोटांत धरायचा, अमेरिकन जॉयस्टिकचा लांबट दांडा मुठीत धरायचा आणि तिची स्प्रिंग पण कडक. झटपट फायटिंग आणि गोळीबाराचे गेम असतील तर मी जपानीकडे झुकेन, लहान मुलं दणादणा मारणार असतील तर अमेरिकन. शक्य असेल तर विकत घ्यायच्या आधी दोन्ही हातात धरून बघा, दुसऱ्याच्या आवडीवर जाऊ नका.

भोकांचं माप: जपानी मोठं बटण ३० मिलिमीटर, स्टार्टचं छोटं २४, अमेरिकन साधारण २८. होल सॉ किंवा फॉर्स्टनर बिट वापरा, खाली टाकाऊ लाकूड घट्ट क्लँप करा म्हणजे बिट बाहेर पडताना कडा फाटत नाहीत. आधी एका तुकड्यावर भोक पाडून बटण बसवून बघा. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, मास्क लावल्याशिवाय कापू नका.

प्रश्न: बटण दाबल्यावर पात्र उशिरा उडी मारतं. एन्कोडरवर तर झिरो डिले लिहिलंय.

उत्तर: ते नाव आहे, त्यावरून मोजमाप समजू नका. तरी पहिला संशय मी टीव्हीवर घेईन. टीव्ही चित्र सुधारायला प्रत्येक फ्रेम थोडा वेळ धरून ठेवतो, सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, बऱ्याच वेळा तिथेच निम्म्याहून जास्त दुखणं जातं. हिशोब असा की ६० हर्ट्झला एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. बटण दाबलंय का हे कॉम्प्युटर एन्कोडरला सेकंदाला १२५ वेळा विचारत असेल तर जास्तीत जास्त ८ मिलिसेकंद त्यात जातात, १००० वेळा असेल तर १. टीव्हीच्या प्रोसेसिंगमध्ये मात्र कित्येक फ्रेम जाऊ शकतात. म्हणून आधी टीव्ही, मग एम्युलेटरमधली व्हीसिंकची (चित्र स्क्रीनच्या गतीशी जुळवायची) सेटिंग, आणि एन्कोडर शेवटी.

झिरो डिले नावाच्या स्वस्त बोर्डांचा दुसरा त्रास जास्त खरा आहे. दोन सारखे बोर्ड लावले की कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर कधीकधी त्यांची अदलाबदल होते, पहिला खेळाडू दुसरा होतो. दोघांचं एकाच बोर्डात येईल असा, कॉम्प्युटरला कीबोर्डसारखा दिसणारा एन्कोडर घेतला की हे होत नाही.

प्रश्न: घरात जुना काचेचा टीव्ही पडलाय आणि एक ऑफिसमधला पातळ मॉनिटर पण आहे. कोणता बसवू? मला जास्त करून गॅलागा, पॅक-मॅन असे उभ्या स्क्रीनचे गेम खेळायचेत.

उत्तर: काचेच्या टीव्हीवर जुने गेम दिसतात तसे दुसऱ्या कशावर दिसत नाहीत हे मी मनापासून मानतो, ते गेम काढणाऱ्यांनी तसल्याच पडद्याकडे बघून काढलेत. पॅक-मॅनचं चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचं, काचेवर ते ठिपके एकमेकांत थोडे मिसळतात आणि गोल गोल दिसतात, पातळ मॉनिटरवर तेच टोकदार चौकोन होतात. पण तो टीव्ही उघडून कॅबिनेटमध्ये बसवू नका. बंद केल्यावरसुद्धा पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, हे काम ज्याला येतं त्यानेच करायचं. शिवाय आर्केडचे जुने मॉनिटर आणि टीव्ही साधारण १५ किलोहर्ट्झवर चालतात, आजच्या कॉम्प्युटरमधून तसा सिग्नल सरळ निघत नाही, आणि टीव्ही आडवाच ठेवायचा तर उभे गेम छोटे दिसणार.

तुमच्यासाठी पातळ मॉनिटर, पण एक गोष्ट तपासा. तो चालू करा, उभा धरा, आणि डाव्या-उजव्या बाजूने जरा सरकून बघा. ऑफिसमधले बरेच मॉनिटर टीएन जातीच्या पडद्याचे असतात, ते आडवे असताना खालून बघितले तर काळपट दिसतात, उभे केले की तोच दोष बाजूला येतो आणि समोर उभ्या माणसाच्या दोन डोळ्यांना पण रंग थोडे वेगळे दिसतात, त्याने डोकं दुखतं. आयपीएस जातीच्या पडद्याला हा त्रास नाही. जुना चार बाय तीनचा किंवा पाच बाय चारचा चौकोनी मॉनिटर आयपीएस मिळाला तर सोनं आहे, उभ्या गेमला तो छान भरतो. मागे व्हेसाची, म्हणजे मॉनिटर स्क्रूने बसवायची ठरलेल्या मापाची, चार भोकं आहेत का बघा, १०० बाय १०० मिलिमीटरची असली की बसवायला सोपं. एम्युलेटरमध्ये पूर्णांक पटीत मोठं करायची सेटिंग असते ती लावा, नाहीतर काही ठिपके जाड काही बारीक असे दिसतात आणि मेझच्या रेषा वाकड्या वाटतात.

प्रश्न: मित्राने एक मूळ आर्केड बोर्ड दिलाय, खाली सोनेरी पट्ट्यांची लांब कड आहे. याला एन्कोडर लागेल का?

उत्तर: नाही. दोन्ही बाजूंना २८-२८ अशा ५६ जागा मोजून भरल्या तर तो बहुतेक जामाचा असेल, आर्केड बोर्ड जोडायची १९८५ पासून चालत आलेली पद्धत, तिचा हार्नेस म्हणजे वायरींचा जुडगा तयार मिळतो. बटणं सरळ हार्नेसला, मॉनिटर आणि स्पीकर पण तिथूनच. मात्र मोजणी जुळली म्हणून लगेच करंट देऊ नका, त्याच मापाच्या कडेवर वेगळी जोडणी असलेले बोर्ड पण असतात, बोर्डावरचं नाव शोधून त्याचा पिनआउट (कोणत्या पिनला काय येतं ते) जुळवा मगच. मूळ पद्धतीत प्रत्येकाला तीन बटणं, सहा बटणांच्या गेमला लाथांची वायरिंग वेगळ्या कनेक्टरवरून घ्यावी लागते. पॉवर सप्लाय लावताना बोर्डावर ५ व्होल्ट नीट येतात का मल्टिमीटरने बघा, आणि हार्नेस उलटा लावू नका, एक खाच असते ती जुळवूनच बसवा.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची, आणि सासरे सत्तरीचे, दोघांनाही खेळायचंय. पॅनल किती उंचीवर ठेवावं? मिस्टर म्हणतात मूळ मशीनचीच उंची ठेवू.

उत्तर: ताई, मूळ मशीनची पॅनलं जमिनीपासून साधारण ९० ते १०० सेंटीमीटरवर असायची, उभ्या मोठ्या माणसासाठी ते बरोबर आहे. मुलीसाठी पॅनल खाली आणू नका, ती दोनचार वर्षांत वाढेल, तिला रुंद आणि न घसरणारा पाटासारखा स्टूल द्या. सासऱ्यांसाठी बारमध्ये असतो तसा पाठ असलेला उंच स्टूल, आणि तो वापरता यावा म्हणून पॅनलच्या खाली गुडघे जातील एवढी जागा आत्ताच सोडायला सांगा, कॉइन डोअर बाहेर आलेलं असेल तर तिथे गुडघे आपटतात. त्यांच्या बोटांना हलकी, जपानी पद्धतीची बटणं बरी पडतील, म्हणजे जोर लावावा लागणार नाही. खाली बसून दोघं समोरासमोर खेळतील असं टेबलाचं कॅबिनेट पण असतं, सत्तरीच्या माणसाला तास-दीड तास बसायला ते जास्त सोयीचं, मिस्टरांना एकदा विचारून बघा.

प्रश्न: बंदूकवाले गेम पातळ स्क्रीनवर चालतील का?

उत्तर: जुनी बंदूक नाही, ती काचेच्या पडद्यावरच्या फिरत्या किरणाची वेळ बघून चालायची आणि पातळ स्क्रीनवर तो किरणच नाही. नवीन मिळतात त्या चालतात, सिंडेन नावाच्या बंदुकीत कॅमेरा असतो आणि चित्राभोवती पांढरी चौकट दाखवावी लागते, दुसऱ्या काही स्क्रीनच्या कडेला इन्फ्रारेड दिवे लावून चालतात. कॅबिनेटची बेझल (स्क्रीनभोवतीची चौकट) रुंद ठेवणार असाल तर दिव्यांची जागा आधीच धरा.

प्रश्न: रास्पबेरी पाय बसवलाय. खेळून झालं की भिंतीवरचं बटण बंद करतो. दोनदा सगळं उडालं आणि परत मेमरी कार्ड लिहावं लागलं. पाय बदलू का?

उत्तर: पाय ठीक आहे, तुमची बंद करायची पद्धत कार्डाला मारतेय. पाय कार्डावर काही लिहीत असताना करंट गेला की फाइली अर्धवट राहतात, आणि मग पुढच्या वेळी तो उठत नाही. त्याला आधी मेनूतून शटडाउन करायचं, हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला की मग भिंतीवरचं बटण.

घरातले सगळे मेनूत जाणार नाहीत हे मान्य, म्हणून कॅबिनेटच्या मागे एक साधं दाबून सुटणारं बटण बसवा. त्या बटणाची दोन टोकं रास्पबेरी पायच्या बोर्डावरच्या पाचव्या आणि सहाव्या पिनला जोडा, पाचवी म्हणजे जीपीआयओ ३ आणि सहावी ग्राउंड. कॉन्फिग फाइलीत जीपीआयओ-शटडाउन नावाचा ओव्हरले (तयार सेटिंग) चालू करा. आता हे बटण दाबलं की पाय नीट आवरून बंद होतो, आणि करंट चालू असेल तर तेच बटण परत दाबलं की उठतो. या पिनांना ५ व्होल्ट कधी लावू नका, त्या ३.३ व्होल्टच्या आहेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह दिसत असेल तर अ‍ॅडॉप्टर कमी पडतोय, पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा लागतो, आणि त्याच अ‍ॅडॉप्टरवर बटणांचे एलईडी आणि पंखा टाकले असतील तर ते वेगळ्या सप्लायवर घ्या. सगळं नीट चालायला लागलं की कार्डाची एक पूर्ण कॉपी कॉम्प्युटरवर काढून ठेवा, आणि पुढे काही मोठा बदल केला की नवीन कॉपी.